चारशे की आठशे?

बेस गिटार वाजवणाऱ्याला आयुष्यात फार कमी गोष्टी विचारल्या जातात. गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं ते गायक ठरवतो. लय ड्रमर ठरवतो, निदान त्याचा तसा समज असतो. सोलो कोणी घ्यायचा हा प्रश्न गिटारवाल्याने जन्मतःच निकालात काढलेला असतो. कार्यक्रमाच्या फोटोत बेसवाला अर्धाच येतो. उरलेला अर्धा समईमागे असतो. मध्यंतरात कोणी आवर्जून भेटायला आलंच, तर "तुमच्या गिटारला दोन तारा कमी कशा?" एवढं विचारून ते वड्याच्या रांगेकडे वळतं.

अशा माणसासमोर एक दिवस कोणीतरी वही उघडून बसतं, पेनाचं टोपण काढतं आणि गंभीरपणे म्हणतं, "बोला, तुम्हाला काय काय हवंय?" मग वर्षानुवर्षं तुंबलेली सगळी मतं एकदम बाहेर येतात. कस्टम प्रीॲम्प करून घेण्याचं प्रकरण इथून सुरू होतं, आणि ते सहसा ठरवलेल्या पैशांत संपत नाही.

ज्यांना प्रीॲम्प म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि त्यावाचून ज्यांचं काही अडलेलंही नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. बेस गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली अतिशय बारीक तांब्याची तार. वरची तार हलली की खालच्या तारेत किंचित वीज तयार होते. साध्या, म्हणजे पॅसिव्ह गिटारमध्ये ही वीज एका व्हॉल्यूममधून आणि एका टोनमधून बाहेर पडते. टोन म्हणजे एक पॉट आणि एक कपॅसिटर. त्याला फक्त वजाबाकी येते. फिरवला की आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग ग्राउंडला जातो. जे मुळात आलंच नाही ते तो आणू शकत नाही. प्रीॲम्पला बेरीजही येते. गिटारच्या पोटात काड्यापेटीएवढं सर्किट, शेजारी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि मग बेस, मिड, ट्रेबल हवं ते चढवा, हवं ते उतरवा. दुकानात हे तयारही मिळतं. पण दुकानात आपल्याला कोणी काही विचारत नाही, आणि मुळात दुखणं तेच असतं.

१९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्यावर दोन नॉब होते. एक आवाजाचा, एक टोनचा. याच जातीच्या, १९६२ सालच्या एका गिटारवर जेम्स जेमर्सनने डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बसून जगाला नाचवलं. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवायचा असं सांगतात. म्हणजे बेसच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वादकाचं टोन कंट्रोलविषयीचं धोरण ‘हात लावू नये’ असं होतं. कस्टम प्रीॲम्प करून घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. तो ती डोळे मिटून, आदराने सांगतो आणि लगेच डोळे उघडून विचारतो, मिडला स्वीप देता येईल का?

पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातच अलेम्बिक नावाच्या कंपनीने गिटारच्या पोटात ॲक्टिव्ह सर्किट भरायला सुरुवात केली. ग्रेटफुल डेड या बँडच्या गोतावळ्यातली ही मंडळी. त्या बँडचा बेसवाला फिल लेश. १९७४ साली त्यांनी मंचामागे स्पीकरची एक अवाढव्य भिंतच उभी केली, तेव्हा लेशच्या गिटारच्या चारही तारांचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांतून सोडायची सोय होती. एकेका तारेला स्वतःचे स्पीकर! आमच्याकडे हॉलवर बेसला एक तरी ॲम्प आहे का, हे तिथे पोचल्यावर कळतं. १९७६ साली खुद्द लिओ फेंडर म्युझिक मॅन कंपनीतून स्टिंगरे घेऊन परतला. कारखान्यातच ॲक्टिव्ह सर्किट बसवून मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला बेस. त्यावर बेस आणि ट्रेबल असे दोन टोन नॉब. पंचवीस वर्षांत एकाचे दोन झाले, एवढीच त्या थोर माणसाची प्रगती. उरलेली आम्ही वाजवणाऱ्यांनी केली.

आमच्या ओळखीत असे प्रीॲम्प करून देणारे एक काका आहेत. कारखान्यातून निवृत्त झालेले इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. राहणार कोथरूड, माल आणणार बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून, आणि तोही घासाघीस न करता, कारण काकांना पाहिलं की दुकानदार पहिल्यांदाच खरी किंमत सांगतात. बेस गिटार त्यांनी कधी गळ्यात अडकवलेली नाही. लिओ फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती, हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर त्याची कामं वेळेत झाली."

काकांची अट एकच. मागणी आकड्यांत सांगायची. इथे आम्हा लोकांची पंचाईत होते, कारण बेसवाल्यांकडे विशेषणं पोतंभर आणि आकडा एक नाही.

"मला जरा वॉर्म टोन हवाय, काका."

"वॉर्म म्हणजे किती हर्ट्झ?"

"म्हणजे असा... लाकडी."

"लाकूड किती हर्ट्झला येतं?"

"गोल पाहिजे, पण बोटं ऐकू आली पाहिजेत. पंच हवा, पण टोचायला नको. जुना वाटला पाहिजे, पण आजच्या काळातला."

काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते पाणी आणायला आत गेले तेव्हा मी डोकावून पाहिलं. ‘ग्राहक गोंधळलेला. २ बँड सुचवावे.’

दोन बँड म्हणजे बेस आणि ट्रेबल. तीन म्हणजे मध्ये मिड. चार म्हणजे मिडचेही दोन तुकडे, खालचा मिड आणि वरचा मिड. माझं निरीक्षण असं, की दोन बँडवर समाधानी असलेला माणूस बहुधा खूप वाजवून दमलेला असतो. तीनवाला सध्या वाजवत असतो. चारवाल्याच्या बँडला अजून कार्यक्रम मिळायचा असतो, त्यामुळे त्याच्याकडे वेळ असतो. न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोव्स्कीच्या प्रसिद्ध सर्किटची तऱ्हा आणखी निराळी. त्यात बेस आणि ट्रेबल फक्त वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. ट्रेबल कमी करायचा असेल तर साधा पॅसिव्ह टोन शेजारी ठेवलेला आहे. हे ऐकून काका प्रसन्न झाले. "बरोबर आहे. ज्याला जे काम येतं ते त्यानेच करावं."

या सगळ्यांचा मूळपुरुष मात्र बेस वाजवणारा नव्हता की गिटार बनवणाराही नव्हता. पीटर बॅक्सँडल नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात बेस-ट्रेबलचं एक सर्किट छापलं. नॉब मधोमध असेल तर आवाज जसाच्या तसा, उजवीकडे वाढ, डावीकडे घट. तेव्हापासून घरातल्या स्टीरिओपासून मंचावरच्या मिक्सरपर्यंत लोक तेच सर्किट या ना त्या रूपात वापरत आले आहेत. काकांच्या बोलण्यात बॅक्सँडल हा गृहस्थ दर दहा वाक्यांनी येतो, आणि त्याच्याविषयी ते ‘बॅक्सँडलसाहेब’ असंच बोलतात. जेमर्सनला ते ‘तो तुमचा’ म्हणतात.

खरी लढाई जुंपते ती मिडवर. तीन बँड ठरले की पुढचा प्रश्न येतो, मिड कुठल्या फ्रिक्वेन्सीला? चारशे की आठशे? ॲग्युलार कंपनीच्या एका नावाजलेल्या प्रीॲम्पमध्ये हे दोन्ही आहेत. नॉब खाली असताना एक, ओढून वर काढला की दुसरी. बाकीचे कोणी अडीचशे देतात, कोणी पाचशे, कोणी हजार. आणि ज्यांना यातलं काहीच ठरवायचं नसतं, पण सगळं हातात हवं असतं, त्यांच्यासाठी स्वीप. मिड किती हवा त्याचा एक नॉब आणि कुठे हवा त्याचा दुसरा.

आता यात भांडण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. बेसच्या मोकळ्या तारा घ्या. खालचा ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. चारही तारा शंभराच्या आत. मग चारशे-आठशेचं काय काम? तर काम आहे, कारण तार एकटा ४१ वाजवतच नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरही ती त्याच वेळी वाजवते: ८२, १२४, १६५ आणि पुढे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ४१ हर्ट्झ काढणं शक्यच नसतं. तरी मावशी आमचं गाणं मोबाइलवर ऐकून "बेस छान वाजलाय हो" असं म्हणते, ते खोटं नसतं. वरचे स्वर कानावर पडले की मेंदू खालचा स्वर अंदाजाने स्वतःच भरून काढतो. म्हणजे मावशीने जो बेस ऐकला तो मावशीनेच वाजवलेला असतो. आम्ही फक्त वरचा ऐवज पुरवतो, आणि तो ऐवज मिडमध्ये असतो.

अडीचशेच्या आसपास आवाजाला भरीवपणा येतो. तो हात सैल सोडून वाढवला तर हॉलभर नुसतं गों गों. चारशे-पाचशेला बेस थोडा नाकातून बोलतो, पण शब्दन् शब्द कळतो. आठशेला त्याला गुरगुरता येतं, आणि दोन गिटारींच्या गर्दीतूनही तो पुढे येतो. दोन हजाराच्या पलीकडे बोटांची चाहूल लागते, तीन हजाराला तार फ्रेटवर आपटल्याची कडकड, आणि पाच-सहा हजाराच्या वर तारांची चमक आणि सर्किटची खसखस दोन्ही एकाच नॉबवर वाढतात. मिड हा या सगळ्या व्यवहारातला मध्यमवर्ग आहे. गाडा तो ओढतो, आणि कपातीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते.

ही कात्री कधी लागते, तर रात्री. प्रीॲम्प बसवून आणलेला माणूस रात्री अकराला खोलीचं दार लावून घेतो. शेजारी झोपलेत, घरात बाळ झोपलंय, म्हणून आवाज अगदी बारीक. त्या आवाजात तो बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो, आणि त्याच्या अंगावर काटा येतो. काय तो टोन! या काट्याचं कारण १९३३ सालीच सापडलेलं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाच्या कानाची मोजणी केली. आवाज लहान असेल तर खालचे स्वर आपल्याला आहेत त्याहून फारच कमी ऐकू येतात, असं त्यात दिसलं. आवाज मोठा झाला की ती तूट भरून निघते. म्हणजे रात्री अकराला खोलीत जी कमतरता भरून काढली, ती मंचावर मुळात नसतेच. तिथे तोच नॉब त्याच जागी ठेवला की बेस भिंतींना आणि खुर्च्यांना ऐकू जातो, ट्रेबल ड्रमरच्या झांजा खाऊन टाकतात, आणि मधोमध, जिथे बेसवाला असायला हवा, तिथे जागा रिकामी. पहिल्या रांगेतल्या प्रायोजकाच्या पोटात मात्र काहीतरी हलत असतं. तो बिचारा जेवणाला दोष देतो.

म्हणून खरं तर प्रत्येक प्रीॲम्पवर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन मिड हवेत. काकांना ही कल्पना सांगितली, तर त्यांनी विचारलं, "आणि दुपारचा?"

बेसचा नॉब किती डेसिबल द्यायचा, यावरही लोक हटून बसतात. बारा? पंधरा? अठरा? आकडा मोठा तो माल भारी, अशी आपली समजूत. काकांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. तीन डेसिबल वाढ म्हणजे ॲम्पकडून दुप्पट ताकद मागणं. सहा म्हणजे चौपट. बारा म्हणजे सोळापट. खालच्या स्वराला जिथे ५० वॉट पुरत होते, तिथे आता ८०० लागणार. मंडळाच्या साउंडवाल्याकडे आहेत का ८०० वॉट, फक्त तुमच्यासाठी? नसले तर स्पीकर आपला राग आवाज फाडून व्यक्त करणार. "आठ डेसिबल देतो," काका म्हणाले, "आणि नॉबवर अठरा लिहून देतो. चालेल?" मी हसलो. ते हसले नाहीत.

बॅटरी हा विषय मी पटकन उरकतो, कारण तो तसा कोणीच उरकत नाही. नऊ व्होल्ट की अठरा? अठरा म्हणजे बॅटऱ्या दोन. जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही, हा फायदा. दोन बॅटऱ्या गिटारच्या पोटात मावत नाहीत, हा तोटा. चिप कुठली, यावरही आयुष्य अवलंबून असतं. टीएल०७२ बरी, खसखस कमी; पण ती पावणेतीन मिलिॲम्पच्या आसपास वीज खाते, म्हणजे एका चिपमागे एक अल्कलाइन बॅटरी दोनशे तासांच्या आत गार. तिचीच काटकसरी बहीण टीएल०६२ अर्ध्या मिलिॲम्पच्या आत भागवते आणि हजार तासांच्या पुढे जाते, थोडी जास्त खसखसत. काका अर्थातच काटकसरीच्या बाजूचे. यावर एकच मेख. गिटारमध्ये जॅक खुपसला की सर्किट चालू होतं आणि काढला की बंद होतं. वेगळा खटका नसतो. तालमीनंतर केबल गिटारमध्येच ठेवून चहाला गेलेला माणूस आणि त्यानंतर परस्पर घरी गेलेला माणूस, यांच्यात फरक फक्त बॅटरीला कळतो.

म्हणून बायपास. प्रीॲम्पला पूर्ण वगळून पिकअपचा आवाज थेट बाहेर काढणारा खटका. ज्या वस्तूसाठी एवढे पैसे मोजले ती बंद पडली तर काय, याची सोय त्याच वस्तूत करून घ्यायची. काका त्याला ‘सुज्ञपणाचा खटका’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. अनुभव असा की काही लोक एकदा बायपासवर वाजवतात आणि परत येत नाहीत.

मग येते जागेची अडचण. मागण्या सगळ्या मान्य झाल्या की व्हॉल्यूम, दोन पिकअपांमधला ब्लेंड, बेस, मिड, मिडची फ्रिक्वेन्सी, ट्रेबल, पॅसिव्ह टोन अशी यादी होते, आणि गिटारला भोकं असतात तीन. त्यावर उतारा म्हणजे एकावर एक बसवलेले दुहेरी पॉट. वरचा नॉब एकाचा, खालची चकती दुसऱ्याची. खोलीत दिव्याखाली हे फार छान चालतं. मंचावर निळा प्रकाश, बोटांना घाम, डोळे गायकाकडे, कारण तो कधी कुठल्या कडव्यावर उडी मारेल याचा नेम नाही. अशा वेळी वरचा ट्रेबल फिरवायला गेलं की खालचा बेसही सोबत निघतो. त्यात मधोमध बारीकशी ‘टिक’ देणारे पॉट मागून घ्यावेत, हे माझं ठाम मत. अंधारात तेवढी एकच गोष्ट खरं बोलते: इथे काहीच वाढलेलं नाही, काहीच घटलेलं नाही. ज्यांचा स्वतःच्या कानावर फार विश्वास आहे ते टिक नको म्हणतात. त्यांना मी मंचावर वाकून, डोळे बारीक करून नॉबवरची पांढरी रेघ शोधताना पाहिलं आहे.

हे सगळं चालू असताना काकूंचा तंबोरा कोपऱ्यात होता. मिरजेचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे काकूंनी मला आल्या आल्या सांगितलं होतं. त्यांच्या शिष्या यायच्या होत्या. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तार छेडली, घोडीवर तारेखाली असलेला सुती दोरा नखाने तसूभर पुढे केला, मागे केला. जव्हारी उघडली. खर्जाच्या तारेतून वरच्या स्वरांची रांगच्या रांग बाहेर पडायला लागली, चारशे, आठशे, त्याच्याही पुढे, सगळं एकदम. एकूण वेळ अर्धं मिनिट. बॅटरी नाही, बायपास नाही.

"तुमचं ठरलं का?" काकूंनी विचारलं.

"मिडवर अडलंय," मी म्हणालो.

"दोरा लावून बघा," असं म्हणून त्या दुसरी तार लावायला लागल्या.

खरा अपमान तर पुढेच असतो. समजा, सगळं मनासारखं झालं. आठशेचा मिड गुरगुरतोय, बेस आठ डेसिबलात सुखी आहे, टिक जागच्या जागी आहे. मंचावर पोचल्यावर साउंडवाला एक लहानशी डबी पुढे करतो, डीआय बॉक्स. आपली केबल त्यात जाते आणि तिथून त्याच्या मिक्सरमध्ये. तिथे त्याच्यापुढे बेसच्या एका चॅनेलवर आपल्या सबंध गिटारवर आहेत त्यापेक्षा जास्त नॉब असतात. तो मान वर न करता खालचा भाग कापतो, अडीचशेला खड्डा पाडतो, थोडा मिड स्वतःच्या अंदाजाने घालतो. आपण इकडे आठशे वाढवतो, तो तिकडे आठशे उतरवतो. कार्यक्रमभर आम्हा दोघांचा हा निःशब्द संवाद चालतो आणि श्रोत्यांपर्यंत जे पोचतं ते बरोबर जेमर्सनच्या धोरणावर येऊन थांबतं: कोणीच हात लावला नाही, असं.

मात्र एका नॉबचं महत्त्व मला काकांमुळे कळलं. स्टुडिओच्या जगात एक जुनी दंतकथा आहे. मिक्सरवर एक नॉब असा ठेवायचा की ज्याला मागे काहीच जोडलेलं नाही. निर्माता येऊन खांद्यावरून "थोडं आणखी... काहीतरी" म्हणाला की इंजिनिअरने गंभीर चेहऱ्याने तो नॉब फिरवायचा. निर्माता म्हणतो, "हां, आता जमलं." आमच्या बँडमध्ये निर्माता नाही, पण गायक आहे. तो प्रत्येक साउंडचेकला मागे वळून तळहात खाली दाबल्याची खूण करतो, म्हणजे बेस कमी. काकांना हे सगळं मी एकदा सहज सांगितलं होतं. त्यांनी तेव्हाही वहीत काहीतरी लिहिलं होतं.

शेवटी ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं. तीन बँड, मिडला चारशे-आठशेचा छोटा खटका, स्वीप नाही, नऊ व्होल्ट, बायपास, दुहेरी पॉट अजिबात नाही. पॅसिव्ह टोन मागितला तर म्हणाले, "तो तुमचा तर उघडाच ठेवायचा ना? मग कशाला." गिटारला नवी भोकं पाडावी लागणार होती, ती पाडायला ओळखीचा सुतार नको, गिटारचा कारागीर बघा, एवढी सूचना त्यांनी केली. ऑर्डर नक्की करायच्या दिवशी सगळा बँडच सोबत आला होता, कारण तालीम तिकडूनच पुढे होती. दोन तास हर्ट्झ आणि डेसिबल चालले असताना एकानेही मोबाइलमधून मान वर केली नाही. मग काकांनी प्लास्टिकचा डबा उघडला आणि विचारलं, "नॉब कुठले लावू?"

खोली जागी झाली. ड्रमर म्हणाला क्रोमचे, त्याच्या स्टँडना शोभतील. गिटारवाला म्हणाला काळे, बाजूने खाचा असलेले, घाम आला तरी सटकत नाहीत. कीबोर्डवाल्याने, ज्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही, लाकडी उचलले, शिसवीचे, आणि एक बोटांत फिरवत म्हणाला, "हे घे. याने टोन वॉर्म होईल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘नॉब, लाकडी – ६ नग.’

गायकाने वहीवरून बोट फिरवत मोजलं. व्हॉल्यूम, ब्लेंड, बेस, मिड, ट्रेबल. "हे तर पाचच झाले. सहावा कशाचा?"

"तो तुमचा," काका म्हणाले. "तुम्ही मागे वळून खूण केलीत, की हे तो फिरवतील."

गायकाचा चेहरा उजळला. त्याने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात कस्टम."